टेपचं दुसरं टोक

टेपचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं कुणाच्या तरी हातात... कुणाच्या, ते मात्र मला दिसत नव्हतं. मास्कमधून वर येणाऱ्या वाफेने माझा चष्मा पार पांढरा झाला होता.

"जरा ताणून धरा हं, काका," मी म्हटलं. मला वाटलं, स्टेडियमचे सुरक्षा-प्रमुखच मदतीला आलेत.

"अजून किती ताणू? मागे कठडा लागला."

हा आवाज काकांचा नव्हता. तरुण होता, आणि त्यात हसू होतं. मी घाईघाईने चष्मा काढून ओढणीला पुसला. रिकाम्या निळ्या खुर्च्यांच्या रांगेत एक उंच मुलगा टेपचं टोक अगदी मन लावून धरून उभा होता. त्याच्या मागे, खाली मैदानावर, पाण्याचे फवारे गोल गोल फिरत होते आणि ओल्या गवताचा वास वरपर्यंत येत होता. मास्कच्या वर त्याचे फक्त डोळे दिसत होते. फक्त डोळे... पण तेवढेही पुष्कळ होते.

"दोन मीटर झाले का?" त्याने विचारलं.

"झाले."

"म्हणजे आता आपल्याला एकमेकांपासून धोका नाही."

"तुम्ही कोण? आत कुणी सोडलं तुम्हाला?"

"व्यवस्थापक साहेबांनी बोलावलंय, प्रेक्षकांच्या वतीने. मी ढोलवाला. सामन्याला ढोल वाजवतो. एरवी चष्म्याच्या दुकानात असतो, म्हणून सांगतो — काचा साबणाच्या पाण्याने धुवा आणि तशाच वाळू द्या. वाफ धरणार नाही."

"मी विचारलं नव्हतं."

"तुम्ही नाही हो. चष्मा विचारत होता."

मी टेपचं बटण दाबलं. त्याच्या हातातलं टोक सर्रकन सुटून माझ्याकडे आलं, आणि का कोण जाणे, मला जरा चुटपुट लागली.

साथीमुळे वर्षभर सामने रिकाम्या स्टेडियममध्ये चालले होते. आता एका सामन्याला दोन हजार प्रेक्षक आत घ्यायची परवानगी मिळाली होती, ती चाचणी म्हणून. सगळं सुरळीत पार पडलं तर दारं उघडणार होती. काही चुकलं तर पुन्हा कुलूप, आणि मग ते कधी निघेल याचा भरवसा नाही. माणसं कुठून आत येतील, कुठे बसतील, कशी बाहेर पडतील हे ठरवायचं काम माझं होतं. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माझी ताई नर्स आहे. ड्यूटीवरून घरी यायची तेव्हा तिच्या नाकावर मास्कचे लाल वळ असायचे आणि हातातला चहा निवून जाईपर्यंत ती नुसती बसून राहायची. ते वळ आठवत मी खुर्च्या मोजायचे. माझ्या पाठीमागे सगळे मला 'दोन मीटर' म्हणतात, हेही मला ठाऊक होतं.

ढोलवाल्याने पहिल्याच बैठकीत माझी झोप उडवली.

"इथली एक रीत आहे," तो म्हणाला. "गोल झाला की डावीकडच्या माणसाला मिठी मारायची. ओळखीचा असो, नसो. एकदा तर दोन सख्खे वैरी शेजारी आले होते..."

"बंद!" मी म्हटलं. "मिठी बंद, ओरडणं बंद. मोठे फलक लावू."

"गोल झाल्यावर फलक वाचायला कोण थांबतं हो? लोकांना नुसतं 'हे करू नका' म्हटलं की ते हटकून करणार. त्यांच्या हातांना दुसरं काम द्या. मग मिठीची आठवणही होणार नाही."

मला त्याचा राग आला. कारण तो बरोबर बोलत होता.

मग रोज दुपारी तालीम सुरू झाली. चाळीसेक स्वयंसेवक खुर्च्यांवर लांब लांब पसरून बसायचे. माळीदादा गवत कापणं थांबवून रिकाम्या गोलमध्ये चेंडू मारायचे, आणि चेंडू जाळीत गेला की सगळ्यांनी जागेवरच उठून, हात डोक्यावर नेऊन ढोलाच्या ठेक्यावर टाळ्या वाजवायच्या — दोन सावकाश, तीन भरभर. समोर गोलरक्षक नसतानाही माळीदादांचा चेंडू एकदा खांबाला लागला. "गोल नाही! बसा!" ढोलवाला ओरडला, आणि मास्कच्या आत सगळं स्टेडियम खुदखुदलं. मीसुद्धा.

तो नेहमी मैदानाकडे पाठ करून उभा राहायचा.

"असं कसं?" मी विचारलं. "मग खेळ कधी बघता?"

"बघतच नाही. ढोलवाल्याने लोकांकडे तोंड करून उभं राहायचं असतं. इतक्या वर्षांत मी एकही गोल पाहिलेला नाही, लोकांच्या चेहऱ्यावरच कळतो तो. चेंडू जाळीत जायच्या आधी डोळे मोठे होतात... असे..."

त्याने करून दाखवलं. माझ्या काळजाचा ठोका चुकला. गोल नसताना.

जेवताना मास्क काढावा लागतो, म्हणून त्या वेळेसाठी मी आणखी कडक नियम केला होता. तो या टोकाच्या गोलमागे बसायचा, मी त्या टोकाच्या. मध्ये अख्खं मैदान. आणि आम्ही फोनवर बोलायचो. त्याचा पूर्ण चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो असा, सुपारीएवढा! पण तो हसला की इतक्या लांबूनही कळायचं. दुपारच्या उन्हात गवतावर फवाऱ्यांचं बारीक इंद्रधनुष्य उमटायचं, आणि त्याच्या पलीकडून तो मला दुकानातल्या गमती सांगायचा. त्याचं घरही मला असंच कळलं. वडील नव्हते, आई शिवणकाम करायची, दिवसभर बोलायची आणि त्याच्या प्रत्येक शर्टाला खिसा जरा मोठाच ठेवायची.

"एक शंका आहे," एकदा तो म्हणाला. "तुमच्या नियमात एका घरातली माणसं शेजारी बसू शकतात ना?"

"हो. त्यांना अंतराची अट नाही."

"मग एका घरातलं व्हायला... काय करावं लागतं?"

मी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. काहीतरी बोलणं भागच होतं.

"आधी हात धुवावे लागतात," मी म्हटलं.

आणि मैदानापलीकडचा तो सुपारीएवढा माणूस डबा बाजूला ठेवून उठला आणि खरंच नळाकडे गेला!

"तुझा चष्मा आजकाल भारी लख्ख असतो गं," त्या संध्याकाळी ताई म्हणाली. मी ताकास तूर लागू दिली नाही. पण ताईच ती, तिने ओळखलंच.

सामन्याचा दिवस उजाडला. स्वच्छ ऊन, गार वारा. दारांपाशी माणसं आखलेल्या खुणांवर शहाण्यासारखी उभी होती. वर्षभराने मैदान बघायला मिळणार म्हणून काहींचे डोळे आधीच भरले होते. मी मुख्य दाराशी होते. ढोलवाला आला. पाठीवर ढोल, कपाळावर घाम. काकांनी त्याच्यापुढे तापमापक धरला... आणि माझ्याकडे पाहिलं.

ताप होता.

"उन्हातून ढोल घेऊन आलाय, म्हणून असेल," काका हळूच म्हणाले. "आपलाच पोरगा आहे. सोडू या का?"

"थोडा वेळ सावलीत बसवा," मी म्हटलं. "पुन्हा बघू."

तो झाडाखाली बसला. मी आयुष्यात देवाकडे फारसं काही मागितलेलं नाही, पण तेवढ्या वेळात मागून घेतलं. पुन्हा तापमापक धरला. ताप तेवढाच होता.

त्याच्याशिवाय दोन हजार माणसांना आवरणार कोण? गोल झाला, मिठ्या पडल्या, तर सगळ्या मेहनतीवर पाणी. आणि त्याला आत घेतलं तर?... मला ताईच्या नाकावरचे वळ आठवले.

"तुम्हाला आत येता येणार नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

तो वाद घालेल असं वाटलं होतं. घातला असता तर बरं झालं असतं. त्याने ढोलाच्या काठ्या माझ्यापुढे केल्या आणि लगेच हात मागे घेतला.

"नको. मी हाताळल्यात." त्याचा घसा बसलेला होता. "टाळ्यांवरच भागवा. आणि मैदानाकडे पाठ कर. लोकांकडे बघ. तू... तू बरोबर करतेयस."

तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला आणि निघून गेला.

तो ज्या पायरीवर उभा राहून ढोल वाजवायचा, तिथे मी जाऊन उभी राहिले. मैदानाकडे पाठ. समोर मास्क लावलेले दोन हजार चेहरे. नाही, डोळ्यांच्या दोन हजार जोड्या. मागे चेंडूचे धप्प धप्प आवाज, खेळाडूंच्या हाका, शिट्टी. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी डोळे वाचत होते. कधी ते बारीक व्हायचे, कधी मिटायचे. सामना संपत आला आणि मला वाटलं, सुटले, आता गोल होत नाही...

आणि डोळे मोठे झाले. एकदम, सगळे. त्याने दाखवले होते तसेच.

माणसं ताडकन उठली. एका आजोबांचे हात डावीकडे वळलेसुद्धा. मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून हात डोक्यावर नेले — दोन सावकाश, तीन भरभर. पहिल्या रांगेतल्या स्वयंसेवकांनी ठेका उचलला. मग वरच्या रांगेने. आजोबांचे हात अर्ध्या वाटेवरून वर गेले. आणि मग ते सगळं माझ्या अंगावर आलं, दोन हजार माणसांच्या टाळ्या! तोंडातून शब्द नाही, कुणाला धक्का नाही, नुसत्या टाळ्या, आणि वाहणारे डोळे. मीही रडत होते. पण मला हवे होते ते दोन डोळे त्यात नव्हते. ज्याच्यामुळे हे घडलं तोच इथे नाही, आणि त्याला मी परत पाठवलं, हे आठवून मला हुंदका आला. ठेका मात्र मी सोडला नाही.

चाचणी यशस्वी झाली. त्या सामन्यामुळे कुणी आजारी पडलं नाही आणि पुढे दारंही उघडली. पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करत होते आणि तो उचलत नव्हता. संध्याकाळपर्यंत मी कसाबसा धीर धरला. मग सरळ काकांकडून पत्ता घेतला आणि त्याच्या घराखाली जाऊन उभी राहिले.

पहिल्या मजल्यावर दोन खिडक्या. एक बंद. दुसऱ्या खिडकीत मास्क लावलेल्या एक बाई शिवणयंत्रावर वाकलेल्या.

"कोण हवंय गं?"

"मी... स्टेडियममधली."

"अगंबाई, दोन मीटर!" त्यांनी भिंतीवर धपाधपा हात मारला. "अरे ऊठ, ती आलीय!"

दुसरी खिडकी उघडली. विस्कटलेले केस, अंगावर शाल. त्याने बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"घसा पार बसलाय," आई म्हणाल्या. "फोन तरी कसा घेणार? साथीचाच ताप निघाला, पण आता उतरलाय. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, फक्त खोलीबाहेर यायचं नाही. मी दाराशी ताट ठेवते आणि पळते."

माझ्या जिवात जीव आला. मग मी वर बघून बोलत सुटले.

"मी माफी मागायला आले नाही. उद्या पुन्हा दारात आलास तरी परतच पाठवेन. पण काल तू गेलास आणि... दोन हजार माणसं होती रे, तरी मला सगळं रिकामं वाटत होतं. मला तू आवडतोस. फार आवडतोस. आता रागावलास तरी चालेल."

समोरच्या सायकल-दुरुस्तीवाल्याने पान्हा खाली ठेवला. तो खिडकीतून वाकून आईला कुजबुजत काहीतरी सांगू लागला.

"काय? ऐकू येत नाही... हं... हं... अरे, हे मी सांगू?" आईंनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, तो म्हणतोय, काल तू त्याला दारातून परत पाठवलंस ना, तेव्हाच त्याने ठरवून टाकलं."

"काय?"

"की लग्न करीन तर हिच्याशीच. जी परक्या माणसांसाठी आपल्या माणसाला परत पाठवते, तिच्या हाती डोळे मिटून घर द्यावं, म्हणतोय." त्यांनी पदराने डोळे टिपले. "आणि मी म्हणते, हा बरा झाला की तू जेवायला ये."

"येते," मी म्हटलं.

पण पाय निघेना. अंधार पडेपर्यंत मी तिथेच उभी होते. आई शिवता शिवता बोलत होत्या, आणि तो वरून माझ्याकडे बघत होता.