उघाडीवरचं सिंक

मोबाइल खाली ठेवा, मग सांगतो. आणि मध्येच खिदळलात तर उठून चालता होईन, मला कुणाच्या मनधरण्या करायची सवय नाही. गोष्ट खाडीपलीकडच्या जीवनची. डंपरवाला जीवन, तुमच्यातल्या निम्म्यांनी त्याला पाहिलाय. त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, त्यामुळे खरं-खोटं मला विचारू नका.

दोन वर्षांपूर्वीची सर्वपित्री अमावस्या. जीवन सकाळीच पेणच्या बाजारात गेला होता, नाली साफ करायचं ॲसिड आणि तारेची लांब स्प्रिंग आणायला. दुसऱ्या दिवशी घट बसणार होते आणि त्याच दिवशी त्याची बायको हेमाली बाळाला घेऊन माहेराहून यायची होती. लग्नानंतर किती वर्षं वाट बघितल्यावर झालेलं पोर! जीवन तळ्याला, तिच्या माहेरी जाऊन त्याला डोळे भरून बघून आलेला, पण पोर स्वतःच्या घरात अजून आलंच नव्हतं. हेमालीनं फोनवर बजावलं होतं, "अहो, सिंकचा वास गेला असंल तरच येते. न्हायतर दारातूनच माघारी फिरेन, सांगून ठेवते. पोराला मी त्या घानीत ठेवनार न्हाय."

तिचं काही चुकत नव्हतं. नवाकोरा बंगला, चकाचक ओटा, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की आंबलेल्या भाताचा आणि खाडीच्या चिखलाचा असा काही भपकारा यायचा की गरोदरपणात ती बिचारी ओकून ओकून अर्धी झाली होती. जीवननं सोडा टाकून पाहिला, व्हिनेगर ओतलं, लिंबाची सालं घातली, उकळत्या पाण्याचे टोप रिकामे केले. दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच.

शेवटी प्लंबर स्वप्निलनं सिंकखाली डोकं घालून सांगितलं, "दादा, या वाकड्या पाइपात पानी अडून राहतं, ते वास अडवतं. पन तुमच्याकडं भरती आली की पाइपातली हवा उलटी येते आनी ते पानीच उडवून लावते. लाइन सोडलीय कुठं तुम्ही?"

लाइन कुठं सोडलीय ते जीवनला पक्कं ठाऊक होतं.

बंगला उभा होता त्यांच्या खारजमिनीवर. स्वतःच्याच डंपरनं मुरूम टाकून त्यानं ती भरली होती. तिथल्या बांधात जुनी उघाडी होती. शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि खाडीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, यासाठी ठेवलेली वाट. मुरुमाखाली तिचा जुना पाइप तसाच राहिलेला. जीवननं खोदाईचा व्याप नको म्हणून सिंकची लाइन त्यालाच जोडून टाकली. शहाणपणा केला!

आता त्या उघाडीचं ऐका. जीवनच्या आज्याच्या वेळी उधाणाच्या रात्री तिथंच बांध फुटला. गावानं चिखलाच्या ढेपा टाकायला घेतल्या आणि गुणाजी नावाचा त्यांचा गडी त्या खिंडारात उतरला, पायांनी चिखल दाबायला. चिखलानं त्याला धरलं. तो ओरडत होता, थांबा, थांबा. पण थांबलं तर सगळ्या गावाचं भात खाऱ्या पाण्यात जाणार. जीवनचा आजा म्हणाला, टाका. गावानं टाकलं.

बांध तरला. तेव्हापासून सर्वपित्रीला त्या घरात पहिलं पान गुणाजीचं. ताज्या भाताचं, कुणी जेवायच्या आधी, उघाडीवर. त्यात कधी खंड नव्हता, बंगला होईपर्यंत.

त्या संध्याकाळी जीवनची आई कमळबाई भाताचं पान घेऊन स्वयंपाकघरात उभी होती.

"जीवन, त्याचं पान कुठं वाढू रं? गडी उपाशी हाय."

"उपाशी कुठला? आपलं खरकटं रोज जातं की त्याच्याकडं!" जीवन हसून म्हणाला.

कमळबाईनं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. पण शब्द बाहेर पडला होता. ती पान तसंच ओट्यावर ठेवून देवासमोर जाऊन बसली. जीवननं रागानं ते उचललं, भात सिंकमध्ये लोटला आणि वरून नळ सोडला.

रात्री म्हातारी झोपली. अमावस्येची भरती मध्यरात्रीच्या सुमाराला. ती चढायच्या आत काम उरकावं म्हणून जीवननं नाकाला फडकं बांधलं आणि ॲसिड ओतलं. फसफसलं. धूर आला. मग खालून पाणी वर आलं, करडं, गाळाचं, आणि हळूहळू उतरलं.

त्यानं स्प्रिंग आत घातली. हातभर. दोन हात. मग अडकली. त्यानं जोर लावून ओढली.

खालूनही कुणीतरी ओढली.

जीवननं हात सोडला. तार सरसरत आत गेली... सगळी. तिचं टोक भोकात शिरताना त्यानं पाहिलं.

बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

मग आवाज आला. लांबून, पुष्कळ माणसांचा. टाक... टाक... टाक... आणि त्या सगळ्यांखाली एकच दबलेला गळा.

"थांब..."

पण भीतीपेक्षा जीवनला संतापच जास्त आला. उद्या आपलं पोर येणार, आणि हा मेलेला त्याची वाट अडवतो? अंगणात सिमेंटची अर्धी गोणी होती. त्यानं घमेल्यात माल कालवला. तोंडावरचं फडकं फेकून दिलं. सिंकवर वाकला.

"जीवन... थांब..."

"मेलास ना एकदा? मग मर की!"

भोकातून एक श्वास वर आला. गार. लांबलचक. सरळ त्याच्या तोंडावर. संपेचना.

मग त्यानं माल ओतला. थापीनं दाबला. आणखी ओतला.

शांत.

वास गेला होता.

सकाळी कमळबाईनं घरभर हुंगून पाहिलं, कुठं काही नाही. जीवननं अंघोळ केली, दाराला तोरण बांधलं. रिक्षा आली. हेमाली उंबऱ्याशीच थांबली आणि तिनं खोल श्वास घेतला. कित्येक महिन्यांत त्या घरात पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला.

"गेला व्हय हो!" ती म्हणाली आणि पोर त्याच्याकडं द्यायला हात पुढं केले.

"गेला," जीवन म्हणाला. "ये, आत ये."

एवढं बोलला फक्त. हेमालीनं हात मागं घेतले. पोर असं कळवळून रडायला लागलं की रिक्षावालाही उतरून बघायला आला. हेमालीनं पदर नाकाला लावला. जीवन विचारत होता, काय झालं, अगं काय झालं... आणि तो तोंड उघडेल तशी ती एकेक पाऊल मागं जात होती. त्याच रिक्षानं ती माघारी गेली.

सिमेंट त्यानं फोडलं, नव्या भाताचं पान ठेवलं, पाया पडला. डॉक्टर झाले, दात तपासून झाले. पोर आता चालतं म्हणे. जीवननं त्याला अजून कडेवर घेतलेलं नाही.

शिमग्याला तो माझ्याकडे आला होता. पडवीत लांब बसला, रुमाल तोंडावर धरून हे सगळं सांगितलं. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी बळेच चहा पाजला. एकाच पातेल्यातला चहा, दोघांनीही घेतला.

तो गेल्यावर कप उचलले. माझ्या कपाच्या तळाला चहाची पत्ती होती.

त्याच्या कपात बोटभर करडा चिखल होता. ओला.