घर रिकामं आहे, साहेब

दार लाव रे, वारा येतोय. तुझं डोकं नाही लागायचं, मलाच सांभाळावं लागतं. ही चौकट कुणा बुटक्याने बसवलीय देव जाणे. एकतीस वर्षं या ठाण्यात काढली, रोज एकदा तरी कपाळमोक्ष ठरलेला.

बसा. चहा घ्या. उद्या सकाळी सहाला ताबा घ्यायला निघायचंय ना तुम्हाला? बँकेचे साहेब, कोर्टाचा माणूस, कुलूपवाला आणि तुम्ही तिघं. पहिलीच वेळ आहे तुमची, म्हणून एक गोष्ट सांगतो. भुताची आहे. ए चष्मिस, दात काढू नकोस. खरी आहे. माझ्या चांगल्या ओळखीतला एक शिपाई होता. उंची अशी की सगळे त्याला उंटच म्हणायचे. त्याच्या बाबतीत घडलेली.

उंटाला त्या दिवशी साधं काम होतं. एका बसचालकाचं घर होतं. बसकंपनी बंद पडली, हप्ते थकले, बँकेने हुकूम आणला. घरात तिघं राहायची. बसचालक, त्याची बायको आणि त्याचे वडील. वडील गवंडी. ते घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं, पाया खणण्यापासून. कानाने अगदी कमी ऐकू यायचं, मशीन लावायचे. गल्लीत सगळे त्यांना गवंडीकाका म्हणायचे.

तारीख सतरा नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी नऊला पथक पोचलं, तर गल्लीत ही गर्दी! बसचालकाचे सोबती, शेजारीपाजारी, बायाबापड्या. बँकेच्या नावाने नुसता शिमगा चाललेला. एक बाई बँकेच्या साहेबाला म्हणाली, "पैसे देताना हात जोडून आला होतास ना रे दारात? मग आज ही काठीवाली माणसं कशाला आणलीस?" मग एक दगड आला. मग दुसरा. मग आमच्या... मग पथकाच्या काठ्या चालल्या. मी त्याचं समर्थन करत नाही. बसचालक दाराची चौकट धरून उभा होता, त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ते काम उंटानेच केलं. बायकोला पथकातल्या दोन महिला शिपायांनी उचललं. दोघांना गाडीत कोंबलं.

आता नीट ऐका. कुलूप बदलण्याआधी घराची प्रत्येक खोली बघायची असते. दारात उभं राहून तीनदा हाक मारायची, बंद दार असेल तर कुलूपवाल्याकडून उघडून घ्यायचं. मग पंचनाम्यात लिहायचं, घर रिकामं आहे. हे काम उंटाकडे होतं. त्याने दोन खोल्या बघितल्या. स्वयंपाकघर बघितलं. मागे अडगळीची एक खोली होती, तिचं दार ढकललं, उघडेना. तीनदा हाक मारली. उत्तर नाही. बाहेर काचा फुटत होत्या. कुलूपवाला म्हणाला, "दार फुगलं असेल. दहा मिनिटं लागतील." आणि बाहेरून पथकाचे साहेब ओरडले, "उंटा, झालं का? बघितलंस सगळं?"

"बघितलं, साहेब. घर रिकामं आहे."

निघताना खिडकीत त्याला ते कानाचं मशीन दिसलं. बारीक शिट्टी वाजत होती त्याची. त्या मशीनांची खोडच असते, कानातून काढून ठेवली की वाजत बसतात. आरडाओरडा सहन होईना म्हणून काकांनी काढून ठेवलं असणार. उंटाने ते बंद केलं, खिशात टाकलं. म्हटलं, देऊ नंतर.

कळलं ना? हाका मारल्या होत्या त्याने. तीनदा, घसा फोडून. आणि ज्याला मारल्या, त्याचा कान उंट खिशात घालून चालला होता.

गाडीत बसचालक रडत नव्हता. एकच विचारत होता, "आमचे बाबा कुठेत हो? बाबा कुठेत?" उंट म्हणाला, "शेजारी कुणाकडे तरी असतील. घर रिकामं आहे, मी स्वतः बघितलंय." त्याने उंटाच्या तोंडाकडे बघितलं आणि विश्वास ठेवला. बोटं सोडवणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला त्याने.

खिडक्यांवर फळ्या ठोकल्या. वीज तोडली. दाराला नवं कुलूप, त्यावर सील. लोकांनी रात्री सील तोडू नये म्हणून पहारा लागला. कुणाचा? उंटाचाच. खुर्ची टाकून एकटाच बसला दारासमोर. नवरा-बायको इथे कोठडीत. शेजाऱ्यांना वाटलं, काकांनाही गाडीतून नेलं. बारापर्यंत गल्लीतले दिवे मालवले.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याच्या खिशात शिट्टी वाजली.

मशीन बंद होतं. त्याने काढून बघितलं. बटण बंदच. तरी वाजतंय. त्याने सेल काढून टाकला. रस्त्यावर पडलेला दिसला त्याला तो सेल. मशीन मात्र वाजतच होतं... मुठीत दाबलं, तरी वाजत होतं.

मग थांबलं.

आणि दाराच्या आतून आवाज आला.

खर्र... खर्र... कुणीतरी चौकटीशी काहीतरी घासत होतं. मग तीन ठोके. मग पुन्हा खर्र...

उंट खुर्ची मागे सारून उठला. कारण घर रिकामं होतं. त्यानेच लिहिलं होतं तसं. खाली त्याचीच सही होती. रिकाम्या घरात कोण ठोकणार? त्याने रामनाम सुरू केलं.

मग आवाज आला. अगदी हळू.

"दार उघड, बाळा."

...

"अंधार आहे रे इथे. बाळा..."

पोरांनो, त्या उंटाकडे रेडिओ होता. शिट्टी होती. काठी होती. एका लाथेत दार पडलं असतं. आणि तो पळाला. गल्लीच्या टोकाला, दिव्याच्या खांबाखाली जाऊन उभा राहिला, कानात बोटं घालून.

चारपर्यंत येत होता आवाज. बोटं काढून बघायचा अधूनमधून. येत होता...

चारनंतर नाही आला.

सकाळी सातला बसचालकाला सोडलं. तो शेजारच्या चार घरांत विचारून आला आणि मग धावतच सुटला. कुलूपवाल्याने कुलूप काढलं. दार आत जाईना. मागे काका होते. हातात त्यांची जुनी थापी. ती शोधायलाच गेले असतील अडगळीच्या खोलीत, घर सोडताना तेवढी बरोबर न्यावी म्हणून. बाहेर मारामारी चाललेली दिसली असेल, घाबरून आतून कडी लावून बसले असतील, रात्री उशिरा चाचपडत पुढच्या दारापर्यंत आले असतील. चौकटीच्या बाजूचं सिमेंट त्यांनी टीचभर खरवडून काढलं होतं. त्यापुढे गेलं नाही. त्यांचं स्वतःचंच काम होतं ते. पक्कं केलं होतं.

डॉक्टर म्हणाले, थंडी आणि हृदय. पहाटे चारच्या सुमारास गेले.

म्हणजे दोन वाजता तिथे भूत नव्हतंच रे. जिवंत माणूस होता. म्हातारा, आपल्या मुलाला हाक मारत होता. आणि उंटाने त्याचं भूत केलं.

काय बघतोस माझ्या डोक्याकडे, चष्मिस? चौकटीकडेही बघून झालं तुझं. हो. मीच तो. कधीच कळलं असेल तुम्हाला.

चौकशी झाली. शेरा बसला, दोन वर्षं पगारवाढ नाही. एवढंच. मी मशीन परत द्यायला गेलो बसचालकाकडे, त्याच्या बहिणीच्या घरी. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मशीन हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुम्हीच ठेवा," म्हणाला. "बाबांना ऐकू येत नव्हतं ते कानाने. तुम्हाला जास्त गरज आहे."

दार लावून घेतलं त्याने. हळूच लावलं.

हे बघा ते मशीन. घ्या, हातात घ्या. सेलची जागा उघडून बघा. रिकामी आहे ना? बावीस वर्षं रिकामी आहे. आतला पत्राही गंजलाय. ठेव टेबलावर. मी हात मागे घेतो. तुम्हीही घ्या.

उद्याच्या घरात माणसं किती लिहिलीयत यादीत? चार? नवरा, बायको, दोन मुली. म्हातारं कुणी नाही? कुणी विचारलं होतं? बँकेनं कळवलंय, म्हणजे तुम्ही विचारलेलं नाही.

किती वाजले? दोन वाजून दहा?

...

गप्प बसा जरा. कुणी हलू नका.

...

येतंय ना ऐकू? तुम्हालाही येतंय?

जीप काढ, चष्मिस. सहा वाजेपर्यंत थांबायचं नाही. आत्ता जाऊन विचारायचं, त्या घरात आणखी कोण राहतं.