कंठिकेचा देश

भाऊंचा उजवा पाय कापून आठवडा होत आला, तेव्हा कुठे कंठिका बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर वॉर्डात उगवला. शार्दूल निरगुडकर नाव त्याचं. कडक इस्त्री आणि तोंडात लवंग. भाऊंची लेक उज्ज्वला त्याला बघूनच चिडली.

स्वरयंत्र काढलेल्यांच्या गळ्यात तेव्हा सर्रास कंठिका बसवत. बोलू पाहणाऱ्या नसांचे संदेश टिपून ती ते रेडिओलहरींवरून उशाच्या स्पीकरकडे धाडायची. कायदा तोच आवाज रुग्णाचा मानायचा. घरी ती नीट चालायची. दवाखान्यात दाखल केलं त्याच सकाळी डॉक्टरांनी भाऊंना पुन्हापुन्हा विचारलं, पाय काढू ना? स्पीकर गप्प. हात लुळे पडलेले भाऊ नुसती मान हलवत राहिले. डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं. "घाबरलेत हो, होकारच समजा," उज्ज्वला म्हणाली होती.

"तुमचं यंत्र बंद पडलं होतं," ती आता शार्दूलवर खेकसली.

"नाही ताई, ते नियम पाळत होतं. कुठल्या लहरींवर, किती जोरात बोलायचं, हे प्रत्येक देशाचं वेगळं असतं. आपण कुठल्या देशात आहोत हे कंठिकेला कसं कळणार? तिची सिस्टीम शेजारच्या यंत्रांचं ऐकते. या वॉर्डात कुणी आफ्रिकेतून आलंय, कुणी आखातातून. प्रत्येकाचं यंत्र आपापला देश सांगत असतं. मग ती या सगळ्या देशांना चालेल तेवढंच करते. समाईक मुभा म्हणतो आम्ही त्याला."

"आणि सगळ्यांना चालेल असं काही उरलंच नाही तर?"

"गप्प बसते. सुरक्षित ना!"

"माझ्या बापाने तोंड उघडायचं की नाही, हे शेजारच्या खाटा ठरवणार? लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?"

"कायदा तर कुठल्याच देशाचा मोडला नाही, ताई."

त्याच्या त्या गुळगुळीत समाधानाची तिला किळस आली. पण त्याच्याच सांगण्यावरून तिने स्पीकर भाऊंच्या मांडीवर ठेवून त्यांची चाकांची खुर्ची फाटकाबाहेर, रिक्षा स्टँडपाशी नेली. इथे परदेशी यंत्र एकही नव्हतं. मांडीवरचा स्पीकर खरखरला.

"नको. डॉक्टर, पाय राहू दे. मरेन तो दोन पायांवर मरेन."

भाऊंचे ओठ तर मिटलेले होते. तेही दचकून स्पीकरकडे बघत होते.

शार्दूलचा चेहरा उजळला. "अडलेले शब्द ती जपून ठेवते आणि वाट मोकळी झाली की ओळीने सोडते. बघा, एकही गहाळ झालेला नाही."

"थुत् तुमच्या त्या जपण्यावर," उज्ज्वला म्हणाली.

स्पीकर बोलतच होता. डॉक्टरांना विनवून झालं, भूल चढली, मग कण्हणं. आता तो ऑपरेशननंतरच्या संध्याकाळवर आला.

"उजू," भाऊंचा आवाज म्हणाला, "तुला तो होकार का गं वाटला?"