पाच वीसचं दार

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. आर्लीन अमेरिकेतल्या डलुथमध्ये माझ्या समोरच्या घरात राहते. बरंचसं तिच्या तोंडून ऐकलं. शेवटचं मात्र मी स्वतः पाहिलं.

गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा व्हर्न गॅरेजच्या दाराबाहेरच गेला. दार उघडायच्या रिमोटची बॅटरी संपली होती. "नवी आण गं," असं तो तीन दिवस सांगत होता. ती विसरली. त्या संध्याकाळी तो गाडीतून बर्फात उतरून दार हाताने उचलायला गेला आणि कोसळला.

आत टीव्ही मोठ्याने चालू होता.

दारावर त्याच्या हातमोज्याचे तीन ठसे गोठलेले सापडले.

रिमोट त्याच्या शिकारीच्या कोटाच्या खिशातच राहिला. त्याला पुरलं तेही त्याच कोटात.

आणि या जानेवारीत... रोज संध्याकाळी पाच वीसला ते दार आपोआप उघडायला लागलं.

पाच वीस ही व्हर्नची घरी यायची वेळ.

"आई, कुणा शेजाऱ्याचा रिमोट लागत असेल," मुलगी करिन फोनवर म्हणाली. "उद्या चोर शिरला म्हणजे?"

"उघडतं तर उघडू दे गं."

"उघडू दे काय! उणे वीस आहे बाहेर! दाराच्या मोटरचा भिंतीवर डबा आहे ना, त्यातलं बटण दिवा विझेपर्यंत दाबून धर. जुन्या सगळ्या रिमोटची नोंद पुसली जाईल."

आर्लीनचं मन होत नव्हतं. तरी तिने बटण दाबलं.

दिवा विझला.

त्या संध्याकाळी पाच वीस झाले. दार हललं नाही. तिने सुस्कारा सोडला...

ठक.

दाराच्या पत्र्यावर. बाहेरून.

ठक... ठक.

मग काहीच नाही.

ती अनवाणी धावली. भिंतीवरचं दार उघडायचं बटण तिने दाबलं. बाहेर बर्फावर एकही पाऊल नव्हतं. दारावर मात्र तीन ओले ठसे होते.

"दुसऱ्यांदा बाहेर ठेवलं मी त्याला," ती मला सांगताना हमसून हमसून रडली.

आता ती पाचलाच दार सताड उघडून आत खुर्ची टाकून बसते. करिन ओरडते, ही ऐकत नाही.

काल मीही तिच्या शेजारी बसलो. पाच वीस झाले. ना गाडी, ना आवाज.

आर्लीनने एकदम पाय आखडून वाट दिली.

"बूट झटक आधी," ती म्हणाली.

समोरच्या कोरड्या सिमेंटवर बर्फाचा भुगा पडला. थोडा इकडे, थोडा तिकडे.

घरी आल्याबरोबर मी आधी माझ्या गॅरेजच्या रिमोटची बॅटरी बदलली. जुनी चांगली चालत होती.