कॅप्टनच्या बाहीचा टाका

बसथांब्याच्या छपराखाली दोघंच होते आणि व्हँकूवरचा पाऊस तिरपा आत येत होता. टेसाच्या छत्रीची काडी नेमकी आजच मोडली होती. शेजारच्या उंच मुलाने काही न विचारता आपली छत्री तिच्यावर धरली. त्याच्या पिशवीवरचा ‘शेवटचं बंदर’ या अंतराळ-मालिकेचा बिल्ला पाहून मात्र तिने पटकन नजर वळवली.

“ही मालिका बघतेस?” त्याने विचारलं.

“बघते... अधूनमधून.”

“मग ऐक! कॅप्टन आयडा खरी नाहीच. खरीला यानाच्या पोटात झोपवून ठेवलंय. ही तोतया!”

“कशावरून?”

“बाहीवरून. आधी मशीनची शिलाई होती, तिसऱ्या भागापासून हाताची. आणि काय सुंदर टाका आहे... कुणीतरी जीव ओतलाय त्यात.”

तो टाका टेसाचाच होता! मालिकेच्या कपडेपटात ती सुरुवातीपासून सुई चालवत होती, आणि तोतयाची खूण म्हणून ती बाही हाताने शिवायला तिलाच सांगितलं होतं. तिच्या कामाकडे इतक्या प्रेमाने कुणी पाहिलं नव्हतं. पण गुपित फोडलं की नोकरी गेलीच. ती मोठ्याने हसली.

“काहीतरीच तुझं! शिंप्याची चूक असेल.”

रॉनन त्याचं नाव. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होता. मग तो आपली बस सोडून तिच्या बसची वाट बघत थांबू लागला. आपण शिवणकाम करतो, एवढंच तिने त्याला सांगितलं होतं. तो रोज नवा पुरावा आणी, ती रोज त्याला उडवून लावी, आणि घरी गेल्यावर तिचं मन तिला खाई. शेवटी त्याने चाहत्यांच्या मंडळात जाहीर करून टाकलं, की माझा तर्क चुकला. मित्रांनी त्याची यथेच्छ टर उडवली.

“त्यांना घाबरून नाही हं,” तो लाजत म्हणाला. “तुला पटत नाही, म्हणून...”

टेसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं कळल्यावर हा आपलं तोंड तरी पाहील का?

गुपित उलगडणारा भाग लागला त्या संध्याकाळी सगळं मंडळ पबमध्ये जमलं; रॉननने टेसालाही आणलं होतं. यानाच्या पोटात खऱ्या आयडाने डोळे उघडले आणि एकच गलका झाला. रॉननच्या पाठीवर थापा पडू लागल्या. टेसाला राहवेना.

“रॉनन, ती बाही मी शिवलीय. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू बरोबर होतास, तरी मी हसत राहिले...”

“रोज? माझ्या तोंडावर?”

“रोज. फार वाईट वाटायचं रे.”

तिने कोट उचलला, तसा त्याने तिचा हात धरला.

“निघालीस कुठे? त्या दिवशी तू नुसती मान डोलावली असतीस ना, तरी आत्ताचा हा आनंद मला मिळाला नसता. नोकरी पणाला लागली होती तुझी, आणि वर माझी बडबड ऐकत बसलीस. थँक्यू, टेसा.”

“थँक्यू मी म्हणायला हवं. लोक कॅप्टनचा चेहरा बघतात. तू माझा टाका बघितलास.”

“पण आहेस मोठी बिलंदर! आता पुढच्या पर्वाचं मला काही म्हणजे काही सांगू नकोस.”

“नाही सांगणार.” तिने त्याचा हात सोडला नाही. “पण एक गोष्ट सांगायला मला कुणाची बंदी नाही... तू मला फार आवडतोस.”

“एवढे पुरावे गोळा करत बसलो,” तो हळूच म्हणाला, “आणि हा कसा निसटला?”