मागची खिडकी

"आता बघतो कोण उघडतं ते!" असं म्हणत लीलाधरने मागच्या खिडकीच्या चौकटीत चौथा खिळा ठोकला, आणि तो घाव आपल्याच छातीवर बसल्यासारखी मंजुळाबाई कळवळली. खिडकीच्या अलीकडे तिच्या सासूची, भागाबाईची, खाट होती. पलीकडे पत्र्याखालचं स्वयंपाकघर. मंजुळाबाई तिथेच रांधायची आणि तिथेच गोधडी टाकून निजायची.

"वहिनी, तुमच्या मनातलं कळतं मला," हातोडी खाली ठेवत तो म्हणाला. "आम्ही कूलर आणला हे तुम्हाला बघवत नाही. खिडकी उघडून आमची थंडी तिकडे ओढून घेता! अहो, मागितली असती तर नाही म्हटलं असतं का?"

थंडीची चोरी! आणि हा आळ घेणारा कोण, तर ज्याला तिने स्वतःच्या पोरासारखं न्हाऊमाखू घातलं, तो धाकटा दीर! नवरा गेला तेव्हा ती अवघी चोवीस वर्षांची होती. यावलहून तिचा भाऊ वना न्यायला आला होता, पेटीही भरून झाली होती. पण त्याच महिन्यात सासूचं अर्धं अंग लुळं पडलं, आणि मंजुळाबाईने भरलेली पेटी पुन्हा रिकामी केली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, जळगावचं ऊन डोकं फोडत असताना, ती अर्ध्या अर्ध्या तासाने खिडकीतल्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारत राहिली... आपल्या अंगाची लाही झाली तरी सासूच्या अंगावर घामोळं उठू दिलं नाही तिने!

यंदा मेहरूण भागातल्या या घरात, सासूच्या खोलीत, लोखंडी कूलर आला आणि वाळ्याचे पडदे माळ्यावर गेले. सुनंदाने, म्हणजे लीलाधरच्या बायकोने, मोठ्या हौसेने दारं लावली, फटींत चिंध्या कोंबल्या. का, तर थंडी बाहेर जायला नको! मंजुळाबाई परोपरीने सांगत होती की वारा आत घ्यायचा तर त्याला जायला वाट ठेवावी लागते, नाहीतर नुसती ओल साचते. पण शिकलेल्यांना चुलीजवळच्या बाईने शिकवायचं म्हणजे उलटी गंगा!

आणि त्या खोलीची दशा काय झाली होती! भिंतीला हिरवट बुरशी, गोधडी चिकट, उशीला आंबूस वास. त्यात म्हातारीच्या पाठीच्या जखमा ओलीने चिघळलेल्या. कूलरची टाकी तर बघवत नव्हती. दर चार दिवसांनी मंजुळाबाई त्यात कोपरापर्यंत हात घालायची. बुळबुळीत शेवाळ, मेलेल्या गांधीलमाश्या, एकदा तर फुगलेली पाल हाताला लागली. सुनंदा नाकाला पदर लावून लांबून म्हणाली होती, "ताई, हात साबणाने धुवा हं, मगच पोळ्यांना लागा!" त्या पालीची किळस एका आंघोळीने गेली, माणसांची आलेली शिसारी मात्र जाता जाईना...

खिळे ठोकल्याच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी सुनंदा शेजारी पापड लाटायला गेली होती. लीलाधर कचेरीत. मंजुळाबाईने पेटी भरून ठेवली होती. पुरे झालं! चारच्या गाडीने यावल गाठायचं, या घराचं तोंडही बघायचं नाही! शेवटचं म्हणून सासूच्या पाया पडायला ती खोलीत शिरली, आणि कोंदट भपकारा तिच्या अंगावर आला. कूलर घरघरत होता आणि त्याच्यासमोर म्हातारी घामाने निथळत, माशासारखी तोंड उघडून तडफडत होती.

"मंजुळा... माय... जीव... घाबरस..."

मंजुळाबाईचं भान हरपलं. तिने लाकडं फोडायची कुऱ्हाड आणली, पातं फटीत घातलं आणि सारी ताकद लावली. चौकट करकरली, खिळे उपसून आले, खिडकी धाडकन उघडली!

नेमका त्याच क्षणी जेवायला आलेला लीलाधर दारात उभा! उखडलेली चौकट बघून तो कडाडला, "वहिनी! हद्द झाली आता! थंडीसाठी घर फोडता?"

आजवर मान वर न केलेल्या त्या बाईने त्याचं मनगट धरलं, स्वयंपाकघरात ओढत नेलं आणि खिडकीखाली, आपल्या गोधडीवर उभं केलं.

"भाऊ, मी थंडी चोरस ना? मंग ल्या! हाई शे ती थंडी! ल्या श्वास!"

खिडकीतून लोट येत होता. कोमट, ओला, मलमूत्राचा, चिघळलेल्या जखमांचा, सडक्या पाण्याचा! आईच्या खोलीतली सारी घाण बाहेर पडायला हीच एक वाट होती, आणि त्या वाटेवर त्याच्या वहिनीचं अंथरूण होतं. लीलाधरला उमासा आला. तो मोरीकडे धावला आणि भडभडून ओकला.

परत आला तेव्हा आत कूलरचा वारा मोकळेपणी वाहू लागला होता. भागाबाईचा श्वास संथ झाला होता. दाराशी भरलेली पेटी दिसली आणि तो मटकन खाली बसला.

"वहिनी... मी जनावर आहे! रोज हे सोसलंत? आणि मी तुम्हाला चोर म्हटलं..." त्याने तिचे पाय धरले.

मंजुळाबाईला रडू आलं नाही. दयाही लगेच आली नाही. "पाय सोडा, भाऊ," कूलरकडे बोट दाखवत ती थकून म्हणाली. "टाकी भरी ऱ्हायनी शेवायनी. आज मना हात नही जावाव तिन्हामा."

तो उठला. बाह्या वर केल्या, कूलर बंद केला आणि त्या हिरव्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. ओकाऱ्या येत होत्या, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात काही त्याने बाहेर काढला नाही. पापड अर्धे टाकून आलेल्या सुनंदाने सारं पाहिलं. पदर खोचून ती विहिरीचं ताजं पाणी आणायला गेली.

कूलर पुन्हा सुरू झाला. भागाबाई धडक्या हाताच्या आधाराने, कण्हत, भिंतीकडे सरकली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तिने दोनदा थाप मारली.

"आठे ये, पोरी... पड."

त्या खाटेवर सून कधी निजली नव्हती. ती संकोचली, मग सासूच्या कुशीशी अंग टाकलं. घामेजल्या कपाळावरून स्वच्छ, गार वारा गेला आणि तिचे डोळे भरून आले... ते पुसायच्या आतच तिला झोप लागली. पाचाचा सुमार झाला, चहाची वेळ टळली, यावलची गाडी केव्हाच गेली. आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच भर दिवसा मंजुळाबाईला कुणी हाक मारली नाही.