अप्पांचे तळवे

प्रतिमा रोज उजाडताना पळायला जायची. धनलक्ष्मी कामाला आली, तिनं अप्पांचं अंग पुसायला गरम पाणी ठेवलं, की ही बुटाच्या नाड्या बांधायची. जे. पी. नगरातल्या गल्ल्यांतून सारक्कीच्या तळ्याकडं, तिथून कनकपुरा रस्त्यानं लांब जाऊन परत. तिचे वडील, अप्पा, बेळगावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. जिन्यावरून पडून मणका गेला, कमरेखाली काही हलेना, काही कळेना, तेव्हा तिनं त्यांना बंगळूरला आणलं. ऑफिस, औषधं, बेडपॅन, त्यांची कूस बदलणं. पळताना मात्र ती कुणाचीच कुणी नसायची. छाती फुटायला आली की तिला बरं वाटायचं. तेवढं दुखणं तिचं स्वतःचं होतं.

पावसाळा सरता सरता ते दुखणंच गेलं. मेट्रोच्या पुलाजवळच्या चढावर ती नेहमी रडकुंडीला यायची. त्या सकाळी चढ संपला तरी श्वास खुर्चीत बसल्यासारखा संथ. कपाळ कोरडं. ती हरखली. मॅरेथॉनला नाव घातलं आणि अंतर वाढवत नेलं.

"अक्का, अप्पांचा शर्ट आज पण भिजला," धनलक्ष्मी सांगायची. "ताप नाही. पंखा चालू आहे."

प्रतिमानं गाद्या बदलल्या, पंखा बदलला.

मग एका रविवारी ती पार शहराबाहेर जाऊन आली. धनलक्ष्मी दारातच उभी होती.

"अक्का, स्वल्प, जरा पाय बघा त्यांचे."

प्रतिमानं पांघरूण बाजूला केलं. वर्षानुवर्षं जमिनीला न लागलेले, तान्ह्या बाळासारखे मऊ तळवे. त्यांवर टाचेपासून अंगठ्यापर्यंत टरारलेले फोड. एक फुटून चादरीला चिकटला होता. हातातली बाटली कधी पडली ते तिला कळलं नाही. तिनं तिथंच खाली बसून स्वतःचे बूट-मोजे ओढून काढले. तिच्या पायाला साधा ओरखडाही नव्हता.

"अप्पा, हे कशानं झालं?"

ते धापा टाकत होते, पण चेहरा उजळला होता. "आज लई लांब नेलंस."

तिनं फुटलेल्या फोडापासून चादर हलकेच सोडवली.

"चढ आला की कळतंय मला," ते म्हणाले. "पाय आहेत असं वाटतंय गं."

डॉक्टर घरी आले. हृदय थकलंय म्हणाले. "फार कष्टाचं काही करतात का हे?" असं विचारलं, आणि पलंगाकडं बघून स्वतःच गप्प झाले.

प्रतिमानं पळणं सोडलं. बूट माळ्यावर टाकले. अप्पांनी जेवणाकडं पाठ फिरवली.

"मेलो तर मेलो. तू पळ की."

"नाही अप्पा."

हळूहळू फोड सुकले. शर्ट कोरडा राहू लागला. अप्पा तिच्याशी बोलेनासे झाले आणि ती सकाळी गॅलरीत उभी राहून खालून पळत जाणाऱ्यांकडं बघायची. पोटऱ्या नुसत्या वळवळायच्या. पण वडील जिवंत होते. तिनं मनाला तेवढंच सांगितलं.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. आतून धाप ऐकू आली.

अप्पा घामानं निथळत होते. डोळे गच्च मिटलेले.

"प्रतिमा, हळू. दमलो गं. कुठं पळूलालीस एवढी?"

"अप्पा, मी इथं आहे."

त्यांनी डोळे उघडले. तिच्याकडं, तिच्या हातातल्या कपाकडं बघितलं. चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"मग ही कोण?"

प्रतिमानं कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी त्यांचे तळवे घट्ट धरले. पाय जागचे हलत नव्हते.

फक्त तिच्या हाताखाली टाच दबत होती आणि सुटत होती. आधी डावी. मग उजवी.

वेग वाढत चालला होता.